होदावरचा हात

मुंबई, क्रॉफर्ड मार्केटजवळचा मुसाफिरखाना
ता. ९ फेब्रुवारी १९०९, मंगळवार

तीर्थरूप अब्बांना मेहबूबचा सलाम. अम्मीला सलाम, झुबेदाआपाला सलाम. पत्र वाचून दाखवायला कुंडलिक गुरुजी येतील, त्यांना रामराम. गुरुजी, अब्बांची नजर अधू झाली असली तरी कान तिखट आहेत. एखादं वाक्य गाळावंसं वाटलं तर न अडखळता गाळा, नाहीतर ते लगेच पकडतील.

मी आणि माल, दोघंही सुखरूप पोहोचलो. माल माझ्यापेक्षा जरा जास्तच सुखरूप. घाटघरच्या रखमाजीच्या बैलांवर कागदाच्या गड्ड्या लादून नाणेघाट उतरलो, तेव्हा दर वळणावर मी थांबून दोर तपासत होतो. शेवटी रखमाजी वैतागला. म्हणाला, "तुमी कागदाला पोरीवानी जपता राव. आमच्या बैलांकडं बी बगा येकदा." कल्याणला आगगाडीत बसलो तेव्हा गड्ड्या बाकावर आणि मी खाली, असा प्रवास झाला. कुणी काही म्हणालं नाही. माझा चेहराच तसा असावा.

काल सकाळी काळबादेवीला रतनशी शेठच्या पेढीवर गेलो. शेठ सत्तरीचा आहे, बोलतो कमी. एक ताव उचलून त्यानं कानाजवळ हलवला, कोपऱ्याला जीभ लावली, मग दाराच्या उजेडात धरला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तर म्हणाला, "जुन्नरचा कागद माझ्या आजोबांच्या चोपड्यांत आहे. पण हल्ली जुन्नरवाल्यांचा हात गेला असं ऐकतो." अब्बा, तुम्ही तिथे असतात तर गड्ड्या उचलून परत निघाला असतात. मी थांबलो, कारण मला थांबणं भाग होतं.

त्यानं आपल्या गड्डीतले आठ ताव काढले, बोरूनं दाट काळ्या शाईत त्यांवर लिहिलं आणि मागच्या कोठारात दोरीवर टांगले. त्या कोठाराच्या भिंतींना समुद्राच्या हवेनं घाम येतो. शेजारी गिरणीच्या कागदाचे आठ ताव, तेही लिहिलेले. शनिवारी उतरवायचे. आपल्या तावांवर शाई फुटली नाही तर त्याच्या पेढीच्या आणि त्याच्या भाईबंदांच्या वर्षभराच्या चोपड्या आपल्या कागदाच्या होणार. फुटली तर काय, ते मी निघताना तुम्ही ओसरीवर सांगितलंच आहे. लगद्याचा होद मातीनं बुजवायचा आणि मेहबूबनं गिरणीत जायचं.

म्हणजे शनिवारपर्यंत मला काम नाही. अब्बा, मी अठ्ठावीस वर्षांचा झालो, पण अशी रिकामी दुपार माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. चिंध्या नाहीत, चुना नाही, लगदा धुवायला कुकडीवर जायचं नाही. हातांचं काय करावं ते कळेना.

म्हणून आज विजेच्या ट्राममध्ये बसलो. घोडा नाही, बैल नाही, वरच्या तारेला एक दांडा टेकवलेला आणि गाडी आपली चालली आहे. सगळे लोक बाहेर बघत होते. मी तिकिटाकडे बघत होतो. कागद कसला आहे ते पाहावं म्हणून मी ते मधोमध फाडलं, धागा लांब निघतो की तुटतो ते बघायला. तुटला. मग एक तुकडा जिभेवर ठेवला, तर त्याचा चिखल झाला. खळ नावाला नव्हती. इतक्यात तपासनीस आला आणि तिकीट मागायला लागला. मी त्याला अर्धं तिकीट दाखवलं आणि उरलेलं तोंडात आहे म्हणून सांगितलं. सगळी ट्राम हसली. दुसरं तिकीट काढावं लागलं. तेही वाईटच होतं.

काळजी करू नका. शनिवारी उतरतील ते ताव जसे टांगले तसेच उतरतील, याबद्दल मला तिळभर शंका नाही. आपल्या घरातला हात कसा आहे ते मला ठाऊक आहे.

आपला मेहबूब

—

मुंबई, ता. ११ फेब्रुवारी १९०९, गुरुवार

तीर्थरूप अब्बांना सलाम. परवाचं पत्र मिळालं असेल. ट्रामचा किस्सा गुरुजींनी गावभर केला असेल तर केला, माझी हरकत नाही.

समुद्र पाहिला. अपोलो बंदरावर लोक संध्याकाळी हवा खायला येतात आणि काही न करता उभे राहतात. मीही उभा राहिलो. एवढं पाणी, पण सगळं खारं. त्यात लगदा कालवला तर ताव आठ दिवसांत पिवळा पडेल. आपल्या कुकडीला हे लोक ओढा म्हणतील, पण कागद त्या ओढ्यानंच होतो. शेजारी एक पारशी म्हातारा उभा होता, त्याला मी हे सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि जरा लांब जाऊन उभा राहिला.

काल सकाळी मुद्दाम विचारत विचारत एका कागदाच्या गिरणीपर्यंत गेलो. शनिवारी उलटंसुलटं झालं तर पुढे कुठे उभं राहायचं ते बघावं म्हटलं. फाटकावरच्या पठाणाला सलाम केला, गावाकडचा कागदी आहे म्हणालो, तर त्यानं मला दारातून आत डोकावू दिलं. खोटं कशाला सांगू, डोळे दिपले. एका बाजूनं लगदा आत जातो आणि दुसरीकडून कागद निघतो, फेट्याच्या कापडासारखा, न थांबता. आपण दिवसभरात होदातून साच्यावर जेवढे ताव उचलतो तेवढा कागद मी दाराशी उभा असेपर्यंत गुंडाळून झाला. आपल्या गल्लीतले होद एकामागून एक का बुजले ते मला जुन्नरमध्ये कळलं नव्हतं, ते तिथे कळलं. पठाणाला विचारलं, हा कागद कुणी केला? तो म्हणाला, गिरणीनं. मी म्हणालो, ते खरं, पण कुणी? त्याला प्रश्नच समजला नाही.

दुपारी भेंडीबाजारात चांदभाई नावाचा जिल्दसाज भेटला. जुन्या पोथ्या, कुराण, दफ्तरं, सगळं दुरुस्त करतो. त्याच्या दुकानात मी तब्बल चार तास बसलो. त्यानं शंभर वर्षांपूर्वीची एक हिशेबाची वही काढली. कागद हातात घेताच मी म्हणालो, जुन्नरी. तो म्हणाला, कशावरून? मी ताव उजेडात धरला, त्यातल्या काड्यांच्या रेघा दाखवल्या, किती बारीक आणि किती जवळ जवळ आहेत ते. आपल्याकडे साच्याची काड्यांची चटई अजून तशीच विणतात. वाळवीनं वहीचा पुठ्ठा पार खाल्ला होता, पण कागदाला तोंड लावलं नव्हतं. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटली. गुरुजी, ही अतिशयोक्ती नाही, गुंडी खरंच तुटली. चांदभाईनंच सुईदोरा दिला.

मग मी पिशवीतून आपला ताव काढून त्याला दिला. त्यानं बराच वेळ तो निरखला, तळव्यावर पसरून तोलला. म्हणाला, असा ताव वीस वर्षांत हाताला लागला नाही. पुढे त्यानं एक गोष्ट विचारली आणि माझ्या उत्तरावर तो हसला. ते इथे लिहिण्यासारखं काही नाही.

आपाला सांगा की इथे बाजारात बांगड्या बघितल्या पण तिच्या मनगटाचं माप मला नक्की आठवेना. ती दिवसभर बाह्या वर सारून असते आणि तरी मला आठवत नाही, म्हणजे भाऊ कसला आहे ते बघा.

तुम्ही ओसरीवर बसून सगळ्यांना सांगत असाल, म्हेबूब म्हमईला गेलाय, त्याचा हात घेऊन गेलाय. जरा कमी सांगा, अब्बा. शनिवारपर्यंत तरी.

आपला मेहबूब

—

मुंबई, ता. १३ फेब्रुवारी १९०९, शनिवार

तीर्थरूप अब्बांना मेहबूबचा सलाम.

आधी आनंदाची बातमी देतो, म्हणजे पुढचं ऐकायला तुम्ही जागेवर बसून राहाल. जुन्नरचा कागद जिंकला.

शेठनं सगळे ताव स्वतःच्या हातानं उतरवले. गिरणीच्या तावांवर अक्षरांना मिशा फुटल्या होत्या. दोन तर मागून वाचता येत होते. आपले आठ ताव त्यानं गादीवर ओळीनं मांडले. अक्षर जसंच्या तसं. मग त्यानं ओल्या अंगठ्यानं एक ओळ पुसली आणि पुसलेल्या जागेवर पुन्हा लिहिलं. तिथेही शाई फुटली नाही. पेढीवरचे चारही गुमास्ते उठून बघायला आले. अब्बा, त्या क्षणी तुम्ही तिथे हवे होतात. तुम्हाला डोळ्यांची गरज पडली नसती, त्या लोकांचं गप्प होणं ऐकूनच तुम्हाला सगळं कळलं असतं.

शेठ म्हणाला, माल मला हवा आहे, पण एका अटीवर. हात बदलला की कागद बदलतो, हे तो आपल्याइतकंच जाणतो. त्यामुळे दर गड्डीवर उचलणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी हवी, आणि वर्षभर तोच हात राहील असं लिहून हवं. त्यानं बोरू हातात घेतला आणि विचारलं, "नाव बोला."

माझं नाव माझ्या जिभेवर तयार होतं. वर्षभर ते मी तुमच्याच तोंडून ऐकत आलोय. आणि तेवढ्यात मला चांदभाई आठवला.

परवाच्या पत्रात जे लिहिलं नाही ते आता लिहितो. चांदभाईनं मला विचारलं होतं, हा ताव कुणी उचलला? मी म्हणालो, मी. तो हसला आणि म्हणाला, "मियाँ, उभे राहा बरं." मी उभा राहिलो. त्यानं ताव माझ्या छातीशी धरला. म्हणाला, लांब हातांचा माणूस साचा अंगापासून दूर झुलवतो, त्याचा कागद पलीकडच्या काठाला जाड होतो. या तावात लगदा अलीकडून पलीकडे सारखा पसरलाय, साचा अंगाशी धरून हलवलाय. हे आखूड हातांचं माणूस आहे, तुमच्या खांद्याइतकं उंच. "तुम्ही नाही."

गुरुजी, इथे थोडं थांबा. अब्बांना पाणी हवं असेल तर द्या. पुढचं सगळं वाचा, काही गाळू नका.

अब्बा, तो हात झुबेदाआपाचा आहे.

मागच्या वर्षी तुमचे हात थरथरायला लागले आणि तुम्ही होदावरून उठलात. मी पंधरा दिवस ताव उचलले. ते तुम्ही बोटांनी चाचपून एक एक बाजूला टाकलेत, रागावला नाहीत, तेच मला जास्त लागलं. सोळाव्या दिवशी दुपारी आपा लगदा घेऊन आत आली. माझं काम थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सरक जरा." होदाकाठी बसली, साचा बुडवला आणि उचलला. तो ताव मी वाळायला भिंतीवर लावला तेव्हाच मला कळलं की हे काम माझं नाही. ती लहान होती तेव्हा तुम्हीच तिला मांडीवर घेऊन होदाकाठी बसायचात, तिचे हात लगद्यात बुडवून दाट की पातळ ते ओळखायला लावायचात. मी तेव्हा पतंगांमागे पळत होतो. नारायणगावी तिचं लग्न झालं, नवरा गेला, ती परत आली. एवढ्या वर्षांत तिचे हात ते विसरले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही दार लावून घेतलं. वाऱ्यानं कचरा येतो असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही ओसरीवर बसून साच्यावरून निथळणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकायचात. एकदा अम्मीला तुम्ही म्हणालात, "म्हेबूबचा हात बसला गं. माज्या बापाचा हात आसाच वाजायचा." आम्ही दोघं आत होतो. आपानं साचा तसाच धरून ठेवला, सगळा लगदा गळून गेला. तो एकच ताव तिनं वर्षभरात वाया घालवला.

मी गप्प राहिलो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. दुसऱ्याच्या हातावर एवढं कौतुक फुकट मिळत होतं, आणि ते घ्यायला मला लाज वाटली नाही असं नाही, पण मी ते घेतलं.

आपा मात्र तुमच्या भीतीनं गप्प होती. आठ वर्षांपूर्वी सायराबानूचा नवरा गेला आणि पोरांच्या पोटासाठी ती होदावर बसली, तेव्हा जमातीत उभं राहून तुम्हीच म्हणाला होतात की बाईनं होदाला हात लावला की बरकत जाते. तिचा होद आठवड्यात बुजला. त्या दिवशी आपा पडद्यामागे बसून ऐकत होती. अब्बा, हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. पण बरकत काय असते ते मी आज काळबादेवीच्या गादीवर ओळीनं मांडलेलं पाहिलं.

तर शेठनं नाव विचारलं आणि मी सांगितलं. झुबेदा, महंमद हनीफ कागदी यांची मुलगी, जुन्नर. एवढ्या मोठ्यानं सांगितलं की पेढीवरचे सगळे वळले. उभ्या आयुष्यात माझी मान इतकी ताठ कधी झाली नव्हती, आणि सांगत होतो ते नाव माझं नव्हतं.

शेठनं बोरू थांबवला. माझ्याकडे बघितलं, मग तावांकडे. म्हणाला, "बाई उचलो की बुवा उचलो, शाई फुटली नाय. पण बापाला ठाऊक आहे?" मी खरं सांगितलं, नाही. तेव्हा तो म्हणाला, ज्या घरात कामाचा हात लपवावा लागतो त्या घराचा वर्षभराचा भरवसा मी कसा धरू? बापाची सही आण. होळीपर्यंत मी दुसऱ्या कुणाला काम देत नाही.

या पत्रासोबत त्याचा कागद आहे. त्यावर एवढंच लिहिलंय की माझ्या घरी कागद उचलणारा हात माझी मुलगी झुबेदा हिचा आहे आणि तो वर्षभर बदलणार नाही. खाली जागा रिकामी आहे. तुम्हाला दिसत नसलं तरी सही तुम्ही डोळे मिटून करू शकता, हे मला ठाऊक आहे.

जमात बोलेल. बोलू दे. मी उत्तर देईन, वर्षभर गप्प बसल्यामुळे माझ्याकडे बोलायला बरंच साठलंय. अम्मीवर रागावू नका, तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आणि माझं म्हणाल तर मी त्या बंद दारामागे झोपा काढत नव्हतो. आपा उचलते, वाळलेला ताव मी दगडानं घोटतो. बायकांचं काम म्हणून मी ते लपवलं. पण शेठनं कागदावर नख फिरवलं तेव्हा ते घसरलं, अडलं नाही, आणि ती चकाकी माझ्या दगडाची आहे. ते मी शेठला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

मी उद्या निघतो. घाट चढून घाटघरला रखमाजीकडे दोन दिवस राहीन, म्हणजे हे पत्र माझ्या आधी पोहोचेल. भित्रा म्हणा. तुमचा चेहरा बघत हे सांगायला मला जमलं नसतं.

सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण त्याआधी एक करा. तुम्ही संध्याकाळी होदावरून उठायचात तेव्हा अम्मी वीट तापवून, फडक्यात गुंडाळून तुमची पाठ शेकायची. आपा उठते ती सरळ चुलीकडे जाते. गुरुजी घरी गेले की तिला जवळ बोलवा आणि पाठ दुखते का, एवढं विचारा. वर्षभरात तिला हे कुणी विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही.

झुबेदानं उचललेला कागद घोटणारा,
आपला मेहबूब